उशीवरचा हात

हातमोजा उलटा ओढून काढला आणि त्याच्याबरोबर पोरीच्या मधल्या बोटाच्या टोकाचं कातडंही आलं. रक्त नाही, काही नाही. पातळ, कोरडी, अख्खी टोपी, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानासारखी. ती माझ्या काळ्या मखमली उशीवर पडली. पोरगी तिच्याकडे बघत होती, मीही बघत होते, आणि पोरीची आई काउंटरवरच्या आरशात आपल्या टोपीचं पीस सारखं करत होती. “ओढायचं नसतं,” पोरगी मला हळूच म्हणाली, जणू चूक माझी होती आणि ती पोटात घालत होती. “आपलं आपण पडतं. मम्मा म्हणते, कुणाला दाखवायचं पण नाही.” मी उशी झटकली नाही. माझी बोटं तिच्या मनगटावर होती, तिथंच राहिली. या शहरात ज्या बाईचं पोर लाल तापातून गेलंय, तिला हे कातडं ओळखायला डॉक्टर लागत नाही. आधी घसा, मग जीभ, मग अंगभर तो उकडल्यासारखा लाल रंग. तो उतरला की पोर खायला मागतं, हसतं, आणि आईला वाटतं सुटलो. मग कातडं निघायला लागतं. बोटांच्या टोकांपासून पायाच्या तळव्यांपर्यंत. शेवटची खपली पडेपर्यंत त्या पोरापासून दुसऱ्याला लागण होते असं डॉक्टर सांगतात, आणि तोवर इस्पितळ पोर सोडत नाही. माझी लेक लोवीसा त्यासाठीच आठवडेच्या आठवडे नदीकाठच्या साथीच्या इस्पितळात पडून होती. उद्या, रविवारी, ती सुटणार होती.

हातमोज्यांच्या काउंटरवरचं काम म्हणजे हात धरायचं काम. बाई स्टुलावर बसते, कोपर माझ्या उशीवर टेकवते, पंजा वर करते. मी पावडर भुरभुरते, लाकडी चिमट्यानं मोज्याचं एकेक बोट उघडते आणि शेळीच्या करडाचं ते मऊ कातडं तिच्या कातड्यावर चढवते. चार बोटं आधी, अंगठा शेवटी. मग बोटांच्या बेचक्यांत दाबत जायचं. नवऱ्यांनी धरले नसतील इतका वेळ मी या बायकांचे हात धरलेत. इथं कॅनडात, विनिपेगच्या हिवाळ्यात उघड्या हातानं रस्ता ओलांडला तर बोटं काळी पडतात, पण माझ्या काउंटरवरचे मोजे त्यासाठी नसतात. ते दाखवायचे असतात. उबेचे मोजे आम्ही आइसलँडची माणसं घरीच विणतो, लोकरीचे, दोन दोन अंगठ्यांचे. एक बाजू भिजली की फिरवून घालायचे. तसला जोड मी लोवीसाच्या हातात घालून दिला होता, इस्पितळाची काळी गाडी तिला न्यायला आली त्या दिवशी. तो पहिल्याच दिवशी जाळला म्हणे. आत गेलेलं काही बाहेर येत नाही, असा तिथला नियम. बाहुली नाही, मोजा नाही, केसांची वेणी नाही. पोर येतं, नशिबात असेल तर.

दुकानात मला मिसेस जॉन्सन म्हणतात. जॉन्सन कुणी नाही. मी आस्ता, एयोल्फची मुलगी, आणि आमच्यात लग्नानं बाईचा बाप बदलत नाही. लोवीसा तिच्या बापाच्या नावाची, ब्यार्नीची. तो दोन हिवाळ्यांपूर्वी सरोवरावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून घोड्यासकट खाली गेला. इस्पितळाच्या फाटकावरच्या कारकुनानं पहिल्या रविवारी मला अडवलं. “तुझं नाव एक, पोरीचं दुसरं. तू आई कशावरून?” म्हटलं, बाळंत झाले त्यावरून. “नवऱ्याचं आडनाव सांग.” म्हटलं, आडनाव नाही त्याला, तुमच्या राजाला तरी आहे का? तो हसला नाही. मागच्या रांगेतला एक पोलिश बाबा हसला, आणि त्या हसण्यामुळं मला आणखी तासभर थंडीत उभं केलं. पण मला सोडलं. खिडकीशी. साथीच्या इस्पितळात आईबापाला आत घेत नाहीत. रविवारी बाहेरून खिडकीशी उभं राहायचं, आणि आतून नर्स पोर उचलून दाखवते, बाजारात कोंबडी दाखवावी तसं. सगळ्यांची डोकी कातरलेली. सगळ्यांना एकच करडा झगा. मी पोटच्या पोरीला कानांवरून ओळखलं.

म्हणून त्या पोरीचं मनगट मी सोडलं नाही. हात अगदी तेवढाच होता. त्याच मापाचा, तसाच अंगठ्याशी गुबगुबीत, तळवा किंचित ओला. गाडीवाल्यानं लोवीसाला घोंगडीत गुंडाळून नेलं त्यानंतर इतका लहान हात माझ्या हातात आला नव्हता. मला शरम वाटायला हवी होती, की माझ्या अंगाला ते बरं वाटत होतं. पोरीलाही वाटत असावं. ती हात काढून घेत नव्हती. “तुझं नाव काय गं?” “ऑलिव्ह. माझ्या खोलीच्या दाराला ओली चादर टांगली होती. घाण वास यायचा. मला कुणी हात लावत नव्हतं, डॉक्टरसुद्धा चमच्यानं लावायचे.” जंतू मारायच्या कार्बोलिकमध्ये भिजवलेली चादर. म्हणजे डॉक्टरला ठाऊक होतं. म्हणजे घरात ठाऊक होतं, स्वयंपाकिणीपासून मालकापर्यंत, आणि त्या घराच्या दारावर आत रोग असल्याची तांबडी पाटी लागली नव्हती. आमच्या दारावर लावायला आलेला इन्स्पेक्टर तोंडात खिळे धरून बोलत होता. “तुम्ही परदेशी लोक एकेका खोलीत सात सात जण झोपता, मग काय होणार?” आम्ही दोघी झोपत होतो. घरमालकीण योरून तर जिने साबणानं घासते, रोज; ती म्हणाली, “याच्या बुटाचा चिखल माझ्या पायरीवर, आणि घाणेरडी मी.” त्यानं ऐकलं नाही. आमची भाषा त्याला येत नाही, हे एक त्याचं नशीब.

आई आरशातून वळली. मिसेस ऑर्म्सबी. नवऱ्याचा धान्याचा व्यापार. कोठारांवर त्याचं नाव दोन मजले उंच रंगवलंय, आगगाडीतून दिसतं. उशीवर काय पडलंय ते तिनं पाहिलं, आणि अजिबात न गडबडता आपल्या रुमालानं उचललं, रुमाल पर्समध्ये टाकला. “पित्त उठलं होतं तिला,” ती म्हणाली. “मुरंबा बाधला. हा जोड घट्ट होतोय, पुढचं माप द्या. आज दुपारी नाचाचा वर्ग आहे आणि असे हात घेऊन ती जाऊ शकत नाही.” मी मोज्यांचा खण उघडला नाही. मी तिच्याकडे बघत राहिले असणार, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. “तुम्हाला मुलं आहेत?” “एक आहे.” “मग तुम्हाला मी काय सांगू? त्या नदीकाठच्या जागी मी माझं मूल पाठवणार नव्हते. तिथं एक आजार घेऊन जातात आणि दुसराच घेऊन येतात. तुम्ही असतात तर पाठवलं असतंत?” विचारलं कुणी होतं मला? मी पुढचं माप काढलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, जागरणांचं. ती खोटं बोलत होती आणि ती खरं बोलत होती, आणि मला त्या क्षणी तिचा गळा धरावासा वाटत होता, आणि तिच्यासारखं घर, तिच्यासारखा डॉक्टर, तिच्यासारखी ओली चादर माझ्याकडे असती तर मीही हेच केलं असतं, हे कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं ज्यांनी सांगितलं, त्यांना कधी राग आला नसावा.

मोठ्या मापाचा जोड बसला. ऑलिव्ह दोन्ही पांढरे हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्या दोघी गेल्या, जिन्यानं वर, चहाच्या दालनाकडे. पोरीनं दोनदा मागं वळून पाहिलं. काउंटरवर राहिला तो घट्ट जोड. दिसायला नवा, करकरीत, आतून पावडर, आणि पावडरीत जे काय होतं ते. मला ठाऊक होतं काय करायचं. काहीही नाही. अळीमिळी गुपचिळी. कारण नियम असा आहे, आणि तो मला शुक्रवारी लोवीसाचे कपडे फाटकावर द्यायला गेले तेव्हा नर्सनं समजावून सांगितला होता: सुटणारं पोर ज्या घरात जायचं, त्या घरात कुणाचा रोग्याशी संबंध आलेला असता कामा नये. आला असेल तर पोर आतच राहतं, घर निर्धोक ठरेपर्यंत. मला लहानपणी, तिकडं आइसलँडच्या खाडीकाठी, हा ताप येऊन गेलाय. मला तो परत होणार नाही. नियमाला हे ऐकू येत नाही. आणि लोवीसानं आत राहणं म्हणजे नुसतं राहणं नव्हतं. त्या नर्सनंच, इकडंतिकडं बघून, मला सांगितलं होतं, “लवकर घेऊन जा तिला, बाई. शेजारच्या वॉर्डात घटसर्प आहे. दोन वॉर्डांच्या मध्ये एक दार आहे, आणि आम्ही नर्सा त्याच दारानं ये-जा करतो.” लाल तापातून वाचलेली पोरं तिथं घटसर्पानं जातात, हे शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी छापत नाही. तर एक दिवस. फक्त एक दिवस तोंड मिटायचं. सोमवारी आरोग्य खात्याला निनावी कार्ड टाकता येईल. तोवर नाचाच्या वर्गातली ती पोरं एकमेकांचे हात धरून गोल फिरतील. फिरू देत. खरं सांगायचं तर मनात आलं ते एवढंच नव्हतं. मनात आलं, होऊ दे. होऊ दे त्यांच्या घरी. एकदा तरी त्या रस्त्यावर, त्या मोठ्या बागांच्या घरांपुढं, ती काळी गाडी उभी राहू दे, आणि बायांना दारात किंचाळू दे. मी हे मनातल्या मनात चवीनं पाहिलं, एकेक घर घेऊन. आणि मग मला माझे स्वतःचे हात दिसले, पावडरीनं पांढरे, काउंटरवर टेकलेले. या हातांनी मी शरदात रोज घरी जाऊन पाव कापला. लोवीसाचा घसा धरला त्याच्या आधीच्या आठवड्यात शाळा बंद होती, ती योरूनच्या स्वयंपाकघराबाहेर गेली नव्हती. आलं कुठून, आलं कुठून, म्हणून मी गल्लीतल्या प्रत्येक पोराकडं चोरासारखं पाहिलं होतं. रुथेनियन शेजारणीशी बोलणं टाकलं होतं. आणि ते कदाचित याच उशीवरून गेलं होतं, माझ्याच बोटांच्या बेचक्यांतून, एखाद्या पित्त उठलेल्या पोरीच्या हातातून. असेल, नसेल. हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही. पण त्यानंतर मला काउंटरवर टेकलेले हात उचलता येईनात.

तेवढ्यात जाड शालीतली एक बाई पोरीला घेऊन आली. आमच्याच बाजूची, रुळांच्या पलीकडची. माझ्या काउंटरवर अशा बाया वर्षातून एकदा येतात, आणि विचारायच्या आधी माफी मागतात. “हिला नाताळला चर्चमध्ये गायला उभी करणारेत,” ती म्हणाली. “पांढरे मोजे पाहिजेत म्हणे. सगळ्यात लहान माप दाखवा.” मी खणाकडं वळले. वळून परत पाहते तर पोरीनं तो काउंटरवरचा जोड उचलला होता आणि एक बोट आत घालायला लागली होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला; जोरात काढला असावा, कारण तिचा चेहरा पडला. “हा नको. शिवण उसवलीय.” “कुठं?” बाईनं विचारलं. “चालेल की मला, मी शिवीन घरी. उसवलेला म्हणून जरा उतरवून द्याल ना?” “नाही, हा विकायचा नाही.” आणि आमच्या मजल्याचे साहेब, मिस्टर टिबेट, पाठीमागं हात बांधून नेमके तिथंच उभे. त्यांना वाद ऐकू येत नाहीत, वास येतात. “काय झालं, मिसेस जॉन्सन? बघू.” त्यांनी मोजा घेतला, प्रत्येक बोट ताणून पाहिलं, उलटं करून आत फुंकर मारली. पावडर उडाली. “शिवण तर शाबूत आहे. डोळे तपासून घ्या.” मग वाकून, गिऱ्हाइकांशी हसतात तसं हसून, त्यांनी मोज्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्या पोरीपुढं धरलं. “घाल बाळ, हात घाल.”

पोरगी घालणार होती. साहेबानं सांगितलं की आमची पोरं घालतात. “त्या मोज्यात लाल ताप आहे,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले नाही. तरी शेजारच्या रिबिनीच्या काउंटरवरची कात्री थांबली. बाईनं पोरीला खेचून शालीत घेतलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू ताप मीच विणून तिथं ठेवला होता. मग ती गेली, मागं न बघता. टिबेटसाहेबांनी मला खांबामागं नेलं. तो माणूस वाईट नाही. ओठ पांढरे पडले होते त्याचे, पण त्यानं आरडाओरड केली नाही. “कुणाचं नाव घेणार आहात?” “ऑर्म्सबी.” “नका घेऊ. हे बघा, हा जोड मी स्वतः खाली बॉयलरमध्ये टाकतो. उशीपण टाकतो. तुम्ही हात धुवा, घरी जा. उद्या तुमची मुलगी येतेय ना?” मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, मी आठवडाभर दुसरं काही बोललेच नव्हते. “मग? कशाला अंगावर घेता?” “ती पोरगी आत्ता वर चहा पितेय. दुपारी नाचायला जाणार आहे.” “नाचाचा वर्ग आपल्या दुकानात नाही.” हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला त्याचा राग आला नाही. असंच सगळं शहर चालतं. ज्याच्या त्याच्या मजल्यापुरतं. “टेलिफोन करायचाय,” मी म्हणाले. “केलात तर सोमवारी येऊ नका.” “नाही येत.”

आरोग्य खात्यातल्या माणसानं पत्ता लिहून घेतला, पोरीचं नाव लिहून घेतलं, मग माझं. माझं त्याला लिहिता येईना, मी जॉन्सन म्हणून सांगितलं. मग त्यानं विचारलं, “तुम्ही रोग्याला हात लावलात का?” विचारलं तेही सवयीनं, मागं कुणीतरी टंकलेखन करत होतं. नाही म्हणता आलं असतं. लांबून पाहिलं, साहेब, काउंटरच्या पलीकडून. त्याला काय दिसत होतं? नळीच्या त्या टोकाला तो, या टोकाला मी, आणि मध्ये अख्खा पोर्टेज रस्ता. ‘नाही’ माझ्या जिभेवर होतं, त्याची चवसुद्धा आली. आणि मला वाटलं, शरदात कुणीतरी हे असंच म्हणालं असेल. कुणाला मारायला नाही. आपलं पोर घरी राहावं म्हणून, आपली नोकरी राहावी म्हणून, एका दिवसापुरतं. एक सभ्य, घाबरलेलं, लहानसं ‘नाही’. ते कुणाच्या तरी हातावरून माझ्या स्वयंपाकघरात आलं आणि माझ्या पोरीच्या घशात बसलं. “लावला,” मी म्हणाले. “बराच वेळ धरला होता.” तो म्हणाला, “मग घराबाहेर पडू नका,” आणि माझ्या घरात कोण कोण राहतं ते विचारायला लागला. मी सांगितलं. लोवीसाचं नाव घेताना माझा आवाज ठीक होता.

योरूननं रविवारी सकाळी कॉफी पुढं ठेवली आणि साखरेचा खडा स्वतःच्या दातात धरून, त्यातून कॉफी ओढत, मला शिव्या दिल्या. “मूर्ख आहेस. ब्यार्नीपण मूर्ख होता, बर्फ तडकतोय म्हटलं तरी गेला. तुमच्या घराण्यात कुणी शहाणं नाही, ती पोर सोडून.” मी विचारलं, ऑर्म्सबींकडं काय झालं. तिची बहीण त्या बाजूला धुणं करते. “पाटी लावली म्हणे. मागच्या दाराला. पुढच्या दारानं पाहुणे येतात ना.” “गाडी आली?” “कसली गाडी. डॉक्टर आला, दोन नर्सा आल्या, मोलकरणीला आत कोंडली. पोरगी गादीवर बसून चित्रं रंगवतेय.” आणि नाचाचा वर्ग? तो झाला की नाही, ऑलिव्ह गेली की नाही, टेलिफोन वेळेत पोचला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. माझ्या तोंड उघडण्यानं एकही पोर वाचलं असेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. योरूननं खडा चावून संपवला, आणि माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या अंगावर टाकला. “त्या खात्याला सांगू नको. पण जा. कुणीतरी लोवीसाला सांगायला पाहिजे. नर्सच्या तोंडून नको.”

फाटकावरून गेले नाही. नदीच्या बाजूनं, कुंपणाला जिथं फळी नाही तिथून, गुडघाभर बर्फातून खिडकीपर्यंत गेले. लोवीसा तयार होती. नवा निळा कोट, त्यात ती हरवल्यासारखी. कातरलेल्या डोक्यावर टोपी. पलंगावर पाय लोंबकळत. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला बघून ती उडी मारून खिडकीशी आली, आणि दाराकडं बोट केलं, मी चुकून खिडकीशी आले असं वाटून. काचेतून आवाज जात नाही. इतक्या रविवारांत आम्ही दोघी ओठ मोठे हलवून बोलायला शिकलो होतो. मी म्हटलं, आज नाही. तिनं ओठ बघितले, मान वाकडी केली, पुन्हा सांग. आज नाही. का? मी खोटं बोलू शकले असते, बर्फ, रस्ता, गाडी. म्हटलं, मी एका आजारी मुलीचा हात धरला. तिनं तेवढे शब्द ओठांवरून वेचून घेतले. मला दिसत होतं, एकेक. मग तिनं विचारलं, कुणाचा? मी सांगितलं, तुझ्याएवढीच आहे. तिच्यामागं, वॉर्डाच्या टोकाला, घटसर्पाच्या वॉर्डाकडचं ते दार उघडलं आणि एक नर्स हातात तबक घेऊन आत आली, आणि दार तिच्यामागं हळूहळू आपोआप बंद होत गेलं. लोवीसानं टोपी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग कोटाची बटणं काढायला लागली, खालून वर. रडली नाही. माझ्याकडंही बघत नव्हती, बटणांकडं बघत होती. बटणांची घरं मीच शिवली होती, नवी आणि घट्ट. गळ्याशी वरचं बटण निघेना. नर्स तबक ठेवून वाकली आणि तिनं हात पुढं केला. लोवीसानं तो हात बाजूला सारला आणि हनुवटी वर करून स्वतःच ओढत राहिली. माझे पाय बधिर झाले होते. बटण निघेपर्यंत मी तिथून हलले नाही.